खोटं म्हण, पण चालीत म्हण

वहिनी,

तुमच्या देवघरातली समई आज पुन्हा लागली. सुतक फिटलं. सकाळी तेराव्याचं सगळं आटोपलं, भटजी गेले, वडे-खीर जेवून पाहुणे आपापल्या वाटेला लागले. आता या टळटळीत दुपारी, दिवा स्टेशनाजवळच्या तुमच्या दोन खोल्यांत मी आणि दादा असे दोघंच उरलोय. दादा गॅलरीत खुर्ची टाकून बसलेत. मघाशी मला विचारत होते, "शैला, आता पाण्याची वेळ कोण लक्षात ठेवणार?" बायको जाऊन तेरावं होतंय आणि माणसाला काळजी कशाची, तर पाण्याची. मला आधी हसू आलं. मग त्यांचं तोंड बघितलं आणि मोरीतला हंडा विसळून ठेवला.

संध्याकाळी तुमचं भजनी मंडळ येणार आहे. मांजरेकर काकूंचा फोन आला होता. पेटी आम्ही आणतो, टाळ तुझ्या जावेच्या घरीच आहेत ते काढून ठेव, म्हणाल्या. काढलेत. चिंच लावून घासून लखलखीत केलेत. तुम्ही जाताना मला काय सांगून गेलात ते मला एकटीला माहीत आहे. ते आज करायचं की नाही, हे संध्याकाळच्या आत ठरवायचंय. म्हणून लिहायला बसले. तुमच्याशी भांडल्याशिवाय माझं कधी काही ठरलंय का?

लग्न होऊन धाकटी जाऊ म्हणून या घरात आले, तेव्हा तुमची एक खोड मला सगळ्यात आधी दिसली. तुम्ही देवाला शाब्बासकी द्यायचात. लोक देवाकडे मागतात, नवस बोलतात, नाहीतर हात जोडून गप्प उभे राहतात. तुम्ही मात्र नळाला पाणी आलं की, "शाब्बास रे देवा!" गेलेली लाइट आली की, "शाब्बास!" तव्यावर भाकरी टम्म फुगली तरी श्रेय त्यालाच. एकदा नळ कोरडे ठाक पडले होते. सगळी बिल्डिंग हंडे-कळशा घेऊन खाली उभी, ऊन मी म्हणत होतं, आणि वळणावर टँकर दिसल्याबरोबर तुम्ही खड्या आवाजात ओरडलात, "शाब्बास रे पांडुरंगा!"

टँकरवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मावशी, आपलं नाव संतोष."

"मग तुलापण शाब्बास," तुम्ही म्हणालात. "पाइप सोड आता लवकर."

सगळ्या बायका हसून हसून बेजार. मी वर येताना म्हटलं, "वहिनी, देव म्हणजे काय दुसरीतला पोरगा आहे, पाढे म्हटले म्हणून पाठ थोपटायला?" तुम्ही कळशी कमरेवर सरकवत म्हणालात, "अगो, सगळी जणं त्याच्याकडे मागायलाच जातात. कोणीतरी त्याच्याशी बरं बोलायला नको?"

मला ते कधी पटलं नाही. मी डोंबिवलीला पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर आयुष्य काढलं. रिपोर्टचं पाकीट हातात घेताना डोळे मिटून पुटपुटणारी माणसं मी रोज बघितली. कोणी पाकीट कपाळाला लावायचं, कोणी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गणपतीला हात जोडायचं. आत छापलेलं काही बदलायचं नाही. पाकीट डिंकानं चिकटवताना मला ते आधीच माहीत असायचं, आणि समोरचा माणूस अजून देवाशी बोलत असायचा. असं वर्षानुवर्षं बघितलं की माणसाच्या श्रद्धेला गंज चढतो. हे मी तुम्हाला सांगितलं की तुमचं ठरलेलं उत्तर.

"ते मागत होते गो. मी मागते कुठं? मागितलं की वाट बघत बसायला लागतं. वाखाणलं की वाट बघायला लागत नाय."

"मग उपयोग काय त्याचा?"

"उपयोग कसला? तू मला वाखाणतेस तेव्हा तुला माझ्याकडून काय पाहिजे असतं का?"

"मी तुम्हाला कधी वाखाणलं?"

"तेच म्हणते मी," असं म्हणून तुम्ही गालातल्या गालात हसलात आणि कोलंबी सोलायला घेतलीत.

पण कुठे गप्प बसायचं हेही तुम्हाला कळायचं, हे कबूल केलं पाहिजे. माझं पहिलं बाळ राहिलं नाही तेव्हा जी ती बाई येऊन देवाची इच्छा मला समजावून गेली. तुम्ही देवाचं नावही काढलं नाहीत. उकड्या तांदळाची पेज करून आणलीत, मीठ घालून ढवळत बसलात, आणि थंड झाली तशी एकेक चमचा मला भरवलीत. मी भिंतीकडे तोंड करून पडले की थांबायचात, वळले की चमचा तयार. त्या पेजेची चव अजून जिभेवर आहे. त्या दिवसापासून तुम्ही माझ्या जाऊ राहिला नाहीत. नुसतं 'वहिनी' म्हटलं तरी माझ्या मनात दुसरंच नातं असायचं. ते मी कधी उच्चारलं नाही, आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत.

मग अमोल गेला.

एकुलता एक पोरगा. कामावरून परत येताना शीळफाट्याला, बाइकवर. रोज ज्या रस्त्यानं जायचा-यायचा, त्याच रस्त्यावर. याच्यापुढचं तुम्हाला काय सांगू.

सुतकात देवाची पूजा करत नाहीत, पण मर्तिकाच्या घरी भजनाला येतात, तशा तुमच्या मंडळाच्या बायका आल्या. तुमच्या मंडळाचा क्रम सगळ्यांना पाठ. आधी नामाचा गजर, मग रूपाचा अभंग. देव कसा दिसतो ते पायांपासून सांगत वर जायचं: विटेवरचे पाय, कमरेवरचे हात, गळ्यातली माळ, शेवटी मुख. मग बाकीचं सगळं. पण ज्या घरात माणूस गेलंय तिथे रूपाचं गाळायचं, आणि संसार खोटा, देह खोटा, अशा अभंगांवर यायचं, हाही मंडळाचाच रिवाज. दुःखाच्या घरात देवाच्या देखणेपणाचं कौतुक कोणी करावं? तर काकूंनी गजर संपवला आणि रिवाजाप्रमाणे पुढच्या अभंगाला पेटीवर सूर धरला. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. दोन दिवस तुमच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तिथून तुम्ही म्हणालात, "काकू, रूपाचं राहिलं."

काकू तुमच्याकडे वळल्या. "अगं, अशा वेळी रूपाचं घेत नाहीत ना आपण."

"का? तो आज काय वेगळा दिसतो?"

आणि तुम्ही सुरू केलंत. कोणी टाळ वाजवला नाही, काकूंचा हात पेटीवर तसाच राहिला. तुम्ही एकटीनं, रडून बसलेल्या त्या घोगऱ्या आवाजात, पायांपासून मुखापर्यंत सगळं म्हटलंत. एक ओळ गाळली नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. बायका एकमेकींकडे बघत होत्या. कोणीतरी कुजबुजलं, डोक्यावर परिणाम झाला हिच्या. मला काय वाटलं सांगू? ट्रे तसाच देवघरावर फेकावा असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोरीत भांडी घासताना मी तुम्हाला गाठलंच. "ज्यानं तुमचं पोरगं नेलं, त्याचे पाय सुंदर?"

"सुंदर आहेत ते आहेत."

"आणि केलं ते?"

तुम्ही पातेलं खाली ठेवलंत. "त्याला शाब्बास म्हटलं मी? ऐकलंस तू? रूप सांगितलं. काम नाय वाखाणलं."

भांडण काही मिटलं नाही. पुढे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या दिवसानंतर पाणी आलं, लाइट आली, दादांचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, तरी तुमच्या तोंडून 'शाब्बास' आलं नाही. एकदासुद्धा नाही. रूपाचं मात्र रोज सकाळी, चहाचं आधण ठेवण्याच्या आधी. म्हणजे तुम्ही त्याच्यावर रुसला होतात, आणि रुसूनही त्याचं तोंड बघत होतात. नवऱ्याशी अबोला धरून त्याच्यापुढे ताट वाढणाऱ्या बायका मी पाहिल्यात, तसं काहीतरी. हे मला कळलं तेव्हा मी मोरीतलं भांडण पुन्हा उकरून काढलं नाही. पण विरघळलेही नाही.

माझा राग दुसराच होता, वहिनी. आज सांगते. अमोल गेल्यावर तुम्ही माझ्यापुढे कधी रडला नाहीत. मी वाट बघत होते. डोंबिवलीहून इतक्या वेळा आले, रिक्षातून उतरताना दर वेळी मनात म्हणायचे की आज ही माझ्या गळ्यात पडेल, आज मी हिला पेज भरवीन. आणि तुम्ही दार उघडायचात ते तोंड धुऊन, केस विंचरून, "ये गो, चहा टाकते" म्हणत. रडणं-ओरडणं जे काय होतं, ते सगळं तुम्ही सकाळी त्याच्यापुढे चालीत बसवून मोकळ्या व्हायचात. माझ्या वाटणीला शिल्लक काही राहायचं नाही. देवाचा मत्सर वाटणं किती हास्यास्पद आहे, हे मला कळतं. वाटायचा, एवढं खरं.

आणि त्या गाण्यानं तुम्हाला उभं ठेवलं, हेही मी नाकारू शकत नाही. दादा वर्षभर बिछान्यातून धड उठले नाहीत. तुम्ही उठलात. दादांना उठवलंत, घर चालवलंत, मंडळात परत गेलात. ते कशाच्या जोरावर, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मागायचं काही उरलंच नव्हतं. आशा नव्हती. बरं होण्यासारखं, परत येण्यासारखं काही नव्हतं. तरी रोज सकाळी पाय, कमर, गळा, मुख. ज्याच्याकडून काही मिळायचं नाही त्याला चांगलं म्हणायचं. ही ताकद होती की हट्ट, यावर आपलं एकमत व्हायचं राहूनच गेलं.

तुमचा खोकला सुरू झाला तेव्हा मीच तुम्हाला तपासायला लावलं. फुप्फुसं आकसत चालल्याचा रिपोर्ट आला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पाकिटातला कागद दोनदा काढून वाचला. इतरांचा एकदाच पुरायचा. तुमच्यापुढे ठेवला तेव्हा तुम्ही उघडूनही बघितलं नाहीत. "तुझ्या तोंडावर वाचला," म्हणालात.

माजिवड्याच्या पुढच्या त्या हॉस्पिटलात मी रोज दुपारी यायचे. सुरुवातीला नाकाला नळी होती तेव्हा तुम्ही पुटपुटत का होईना, रूपाचं म्हणायचात. बोटांनी खाटेच्या दांडीवर ताल धरायचात. शेजारच्या खाटेवर ती आगरी म्हातारी होती, नर्सपासून सुनेपर्यंत सगळ्यांना शिव्या घालणारी. तुमचं सुरू झालं की तेवढा वेळ ती शांत पडायची. तिच्या पोटातलं दुखणं काही कमी व्हायचं नाही. तिच्या सुनेनंच मला सांगितलं, दुखतं तसंच दुखतं, पण तेवढ्यापुरतं ओरडत नाहीत. नंतर तुमच्या तोंडावर मास्क आला. दोन शब्द बोललात की धाप लागायची. म्हातारी मान वळवून विचारायची, "आज गाना नाय का गो बाय?" तुम्ही हातानंच नाही म्हणायचात. आणि तिच्या शिव्या पुन्हा सुरू.

मग ती शेवटची संध्याकाळ. ती शेवटची आहे हे अर्थातच मला माहीत नव्हतं. भेटायची वेळ संपत आली होती. तुम्ही मास्क जरा बाजूला सरकवलात.

"शैला, मला रूप आठवत नाय गो."

मला आधी कळलंच नाही. वाटलं, शब्द आठवत नसतील.

"शब्द नाय. रूप." एकेका शब्दाला तुम्ही थांबत होतात. "पाय दिसतात. कमरेपर्यंत दिसतो. वर गेलं की धुकं. तोंडच नाय दिसत."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तुमच्या डोळ्यांत भीती बघितली, वहिनी. अमोलच्या वेळीही नव्हती ती. मी उगाच म्हटलं, औषधांनी होतं तसं, झोप नाही ना तुम्हाला. तुम्ही मान हलवलीत.

"तू म्हण. तू म्हटलंस तर दिसेल."

"मी?" मला हसूच फुटलं. "मला ना सूर, ना ताल. आणि माझा विश्वास नाही, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं तर ते खोटं होईल."

तुम्ही मास्क लावून दोन-तीन श्वास घेतलेत, पुन्हा सरकवलात, आणि मोरीतल्या भांडणात बोलला होतात ना, त्याच स्वरात म्हणालात, "खोटं म्हण गो. पण चालीत म्हण."

तेवढ्यात नर्स आली, वेळ संपली म्हणून. मी तुमच्या कपाळावरचे केस मागे सारले. म्हटलं, "उद्या म्हणते. चाल नीट बसवून येते. नाहीतर तुम्हीच उठून माझ्या कानाखाली वाजवाल."

तुम्ही हसलात. मास्कच्या आत दिसलं मला. आणि म्हणालात, "शाब्बास."

अमोल गेल्यापासून जो शब्द तुम्ही देवाला दिला नव्हतात, तो मला दिलात. तोही काम होण्याच्या आधी, आगाऊ. आणि म्हणालात, "माझ्यामागं घरातपण म्हण. काकू गाळतील रूपाचं. तू गाळू देऊ नको." 'माझ्यामागं' हा शब्दच मला ऐकायचा नव्हता. मी पर्स उचलली आणि निघाले.

त्या संध्याकाळी घरी जाताना रिक्षात मी चाल घोळवत होते. रिक्षावाला आरशातून बघायचा, मी गप्प व्हायचे, पुन्हा सुरू करायचे. गॅसपाशी कुकर लावता लावता म्हणून बघितलं. आमचे हे बाहेरून आले आणि दारातच थबकले. "तू गातेयस?" मी म्हटलं, "वहिनींना हवंय." त्यांनी चपला काढल्या आणि ऐकत बसले. 'गळ्यातली माळ' जिथे येते तिथे चाल वर चढते, तिथे माझा आवाज फाटत होता. मी तेवढाच तुकडा परत परत घेत राहिले. सकाळी जमला. खरंच जमला हो. चहा गाळताना सरळ वर गेला आवाज, फाटला नाही. आणि मी मनात म्हटलं, आज ऐकवते बाईला.

तेवढ्यात दादांचा फोन आला.

तुम्हाला शेवटी तोंड दिसलं का, हे मला कोण सांगणार? की त्या धुक्यातच गेलात? आयुष्यभर ज्याला वाखाणलंत, त्यानं ऐन वेळी तोंड का फिरवलं? मला तुमच्या देवाशी हेच भांडायचंय आणि त्याच्याशी भांडायला लागणारी श्रद्धा माझ्यापाशी नाही. या तेरा दिवसांत भेटायला आलेली प्रत्येक बाई सांगून गेली, किती भाग्याची, देवाचं नाव घेत गेली. मी होय म्हटलं. तुम्ही काय म्हणत गेलात ते कोणाला सांगून काय उपयोग? सगळ्यांच्या हातातली तुमच्याबद्दलची ही समजूत मी कशाला काढून घेऊ? पण माझ्या हातात ती नाही. माझ्या हातात तुमची भीती आहे.

जिन्यात आवाज येतोय. काकू आल्या वाटतं. ठेवते.

*

आत्ताच मंडळी गेली. कॉफीचे कप तसेच पडलेत, पण ते नंतर. आधी तुम्हाला सांगते.

काकूंनी गजर घेतला. तुमच्या जागेवर कोणी बसलं नाही, टाळांची एक जोडी तिथे सतरंजीवर ठेवली होती. भिंतीला तुमचा फोटो. आमच्या मधल्या नणंदेच्या लग्नातला आहे तो, कापून मोठा केलेला. कडेला अर्धा कापलेला खांदा दिसतो ना, तो माझा. गजर संपला आणि काकूंनी रिवाजाप्रमाणे पुढचा सूर धरला.

माझं काहीच ठरलं नव्हतं. खरं सांगते. तोंडातून आपसूक गेलं, "काकू, रूपाचं राहिलं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ती जुनी संध्याकाळ आठवली असणार, त्यांचे डोळे तिथेच भरले. "घे," एवढंच म्हणाल्या.

मी सुरू केलं. पहिलाच सूर इतका खाली लागला की पेटीला तो सापडेना. काकूंनी पेटी सोडून दिली. पाय झाले. हे पाय मला काही दिसत नव्हते, वहिनी. दगडावरचे दोन कोरलेले पाय, दुसरं काय? मी नुसते शब्द म्हणत होते. कमर झाली, कमरेवरचे हात झाले. तुम्ही म्हणाला होतात तसं खोटं म्हणत होते, आणि निदान तिथपर्यंत बऱ्यापैकी चालीत होते. गळ्यातली माळ आली. त्या सकाळी चहा गाळताना जमलेला तो तुकडा. तिथे आवाज फाटला तो फाटलाच. आणि त्याच्यापुढची मुखाची ओळ गेली. सपशेल गेली. कोरी पाटी. सगळ्या बायकांना ती पाठ आहे, पण प्रत्येकीचा पदर डोळ्याला, कोणी ओळ पुरवीना.

मी वर बघितलं तर समोर तुमचा फोटो.

मग काय म्हटलं ते मला सांगताही यायचं नाही नीट. तुमचंच तोंड म्हटलं. कुंकू नेहमी जरा डावीकडे सरकलेलं. पुढचा दात किंचित आडवा, म्हणून हसताना तोंडावर हात. गरम पेजेवर फुंकर घालताना होणारा ओठांचा चंबू. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, जी अमोलनंतर कधी गेली नाहीत आणि ज्यांच्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. चाल कसली राहतेय? मध्येच ओळ लांबायची, मध्येच तुटायची. कोणीतरी एक टाळ वाजवला, मग दुसऱ्या कोणी वाजवला. त्यांना वाटलं असेल, शैलालापण झालं काहीतरी. वाटू दे.

सुंदर होता हो तुम्ही, वहिनी. हे मी तुम्ही असताना म्हणायला हवं होतं की नको, तो हिशेब आता करत नाही. तुम्हाला ते माहीत होतं असं धरून चालते. नाहीतर त्या कोलंबीच्या दिवशी तुम्ही अशा हसला नसतात.

पण याच्यातून काही झालं असं समजू नका. मी संपवलं तेव्हा काही उजळलं-बिजळलं नाही. देव दिसला नाही. तुम्ही तर नाहीच. फोटो फोटोच होता, हार सुकायला लागलेला. छातीवरचा दगड जिथल्या तिथे. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढचा अभंग घेतला, तो देह खोटा असल्याचा. सगळ्यांनी सुरात म्हटला. दादा गॅलरीतून आत आलेच नाहीत. ते ऐकत होते की नव्हते, कोण जाणे. उद्यापासून ते या दोन खोल्यांत एकटे, आणि आमच्याकडे चला म्हटलं तर नुसती मान हलवतात.

तुम्ही सांगितलेलं केलं, एवढंच. कमरेपर्यंत खोटं म्हटलं. त्याच्यावर खोटं म्हणता येईना, आणि तिथेच चाल गेली. खरंही आणि चालीतही, असं दोन्ही एकदम मला जमलं नाही. तुम्हाला इतकी वर्षं रोज सकाळी ते कसं जमत होतं, हे विचारायचं राहिलं.

लिहिता लिहिता मोरीतला नळ खरखरला. पाणी आलंय. दादा उठले नाहीत, म्हणून मीच गेले आणि हंडा लावला. धार पडायला लागली. आणि मी तिथेच, ओल्या लादीवर, वाट बघत उभी राहिले, कोणीतरी शाब्बास म्हणेल म्हणून.